शरणप्पाची ओव्याची डेग

सध्या माझ्या पोटात काही शिजत नाही. परसात भिंतीशी मला पालथे घातले आहे आणि दुपारच्या वेळी एक पिवळी कोंबडी माझ्या बुडावर येऊन बसते. तरीही मित्रांनो, तुम्ही माझ्या काठाशी नाक नेलेत, तर तुम्हाला अजून ओव्याचा वास येईल. मी तांब्याची एक जुनी डेग आहे. ओव्याचा अर्क काढण्यात माझे सारे आयुष्य गेले.

माझा जन्म हुमनाबादला एका तांबटाच्या दुकानात झाला. तेव्हा आमच्या भागात निजामाचे राज्य होते. तांबटाने ठोकून ठोकून मला गोल पोट दिले, आखूड गळा दिला आणि आतून पांढरीशुभ्र कल्हई केली. माझ्यावर बसेल असे घुमटासारखे झाकण केले. त्या झाकणातून बांबूची एक वाकडी नळी निघे आणि लांब मानेच्या एका घड्यात उतरे. त्या घड्याला भबका म्हणत. डेग, झाकण, नळी आणि भबका, असा आमचा चौघांचा संसार होता.

आमचे काम ऐकायला सोपे आहे. भिजवलेला ओवा माझ्या पोटात घालायचा, वर पाणी ओतायचे, झाकणाच्या फटी कणकेने लिंपायच्या आणि खाली मंद जाळ लावायचा. वाफ उठते आणि नळीतून पळू लागते. भबका गार पाण्यात बसवलेला असतो. तिथे पोचताच वाफेचे पुन्हा पाणी होते. पण ते आता साधे पाणी नसते. ओव्याच्या दाण्यात लपलेले तेल वाफेचा हात धरून बाहेर आलेले असते. त्यातले थोडे पाण्यात मिसळते आणि उरलेले वर पिवळसर तवंगासारखे तरंगते. ते खालचे पाणी म्हणजे ओव्याचा अर्क. जिभेवर टाकला की झणका बसतो आणि छातीपर्यंत ऊब उतरत जाते.

मला घडवून घेतले होते बीदरजवळ नौबादला राहणाऱ्या मोईनुद्दीन हकीमांनी. त्यांना ओवा पुरवायला शरणप्पा नावाचा शेतकरी येत असे. हुमनाबादपासून दोन कोसांवरच्या गावात त्याचे घर आणि काळी जमीन होती. आवाज मोठा, बोलणे गोड आणि चार माणसे जमली की त्याला गप्प बसवत नसे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले आणि त्यानंतर पुष्कळ घरे उठली. हकीमसाहेबही हैदराबादला मुलीकडे कायमचे निघाले. जाताना त्यांनी मला स्वतःच्या हातांनी शरणप्पाच्या बैलगाडीत ठेवले.

"शरणप्पा, इसको सूखी मत चढाना चूल्हे पे," ते म्हणाले. "पानी खतम हुआ तो जल जाएगी बेचारी."

शरणप्पाने हात जोडले. गाडी वळेपर्यंत हकीमसाहेब दारात उभे होते.

शरणप्पाच्या घरी मला निलम्मा भेटली. ही त्याची बायको. ती फारसे बोलत नसे, पण जाळ कसा ठेवायचा हे तिला चार दिवसांत कळले. घरात दोघे कानडी बोलत आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांशी मराठी. मी मात्र तुम्हाला सारे मराठीतच सांगते. पलीकडे उद्धवराव आणि राजूबाई हे शेतकरी जोडपे राहत होते. राजूबाईचे बाळंतपण निलम्मानेच काढले होते. तिला ओव्याची धुरी दिली, पोटाला शेक दिला आणि सव्वा महिना माझा अर्क पाजला. तेव्हापासून दोघी बहिणींसारख्या झाल्या होत्या.

"निलम्माक्का, वाटीभर द्या की ओ," राजूबाई भिंतीवरून हाक मारायची. "आमच्या घरचे लगीन जेवून आलेत. सकाळधरनं नुसते ढेकर द्यायलेत."

"किती लाडू खाल्ले म्हणावं?"

"ते इचारायचं न्हाई. अर्क द्या तुमी."

असे माझे चांगले दिवस होते. पोट फुगलेली माणसे येत, कळ आलेली पोरे येत, खोकून दमलेले म्हातारे येत. कोणी दाढदुखीसाठी तेलाचा बोळा नेई, कोणी नायट्यावर लावायला तवंग नेई. बरे वाटले की माणसे मला बघून जात. एक आजी तर माझ्या पोटावर हात फिरवून गेली होती.

मग गावात सोमशेखर मास्तर आले. कलबुर्गीकडचे तरुण मास्तर होते ते. हुमनाबादच्या शाळेत सायन्स शिकवत आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत. ते हैदराबादच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते, तेही उर्दूतून. आता वर्गात एकेका शब्दाला ते कानडी आणि मराठी नाव शोधत बसत. मला पाहताच त्यांचे डोळे चमकले.

थंडीचे दिवस होते. मास्तरांनी अर्कावरचा तवंग चमच्याने काढून काचेच्या बाटलीत जमवला आणि ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर अंगणात उघड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी फडके सोडले, तर तेलात खडीसाखरेसारखे पांढरे खडे धरले होते.

"अय्यो शिवने!" निलम्मा म्हणाली. "साखर कुठनं आली?"

"ही साखर नव्हे, अक्का. हे ओव्याचं फूल," मास्तर म्हणाले. "सायन्समध्ये याला थायमॉल म्हणतात. ओव्याचा वास, त्याचा तिखटपणा, पुष्कळसा गुण, सगळा याच्यात. पाण्यात हे फार थोडं विरघळतं, म्हणून अर्क सौम्य लागतो. तेलात मात्र पटकन विरघळतं."

मग त्यांनी एक गंमत केली. खलात त्या फुलाचा खडा आणि कापराची वडी एकत्र घोटली. दोन्ही कोरडी होती, पण घोटता घोटता त्यांचे पाणी झाले. शरणप्पा पोरासारखा टाळ्या पिटायला लागला.

पुढे मास्तरांनी आणखी एक प्रयोग केला. ओल्या भाकरीचे दोन तुकडे दोन वाट्यांखाली झाकून ठेवले. एकीखाली ओव्याचे फूल ठेवले, दुसरीखाली नाही. काही दिवसांनी वाट्या उचलल्या. एका तुकड्यावर हिरवी-काळी बुरशी माजली होती आणि दुसरा जसाच्या तसा होता.

"बघा," मास्तर म्हणाले. "याच्या नुसत्या वाफेनं बुरशी धरत नाही. बारीक जंतूही मरतात."

मित्रांनो, मास्तर बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण शरणप्पाने त्यातला एकच शब्द उचलला. जंतू!

त्याच हिवाळ्यात हुमनाबादची जत्रा भरली. शरणप्पाने मला गाडीत घातले आणि जत्रेत चूल मांडली. लोकांच्या डोळ्यांदेखत अर्क गळू लागला तशी गर्दी जमली. त्याने भाकरीचे दोन तुकडे ताटात मांडून ठेवले होते.

"बगा, बगा!" तो गरजला. "ही बिनऔषधाची भाकर, ही औषधाची. बुरशी मेली, जंतू मेला. हे मी न्हाई सांगत, सायन्सवाले मास्तर सांगायलेत! हे बगा, हितंच उभे हैत. अन् पटकी, म्हंजे कॉलरा, काय हाय वो? ती बी जंतूच की! ओव्याचा अर्क घरात ठेवा, पटकी दारातनं माघारी जाती!"

लोकांनी माना वळवून मास्तरांकडे पाहिले. मास्तर किंचित हसले आणि त्यांनी टोपी सारखी केली. ते बोलले काहीच नाहीत. बाटल्या भराभर उठल्या. लोक म्हणत होते, अशी डेग पाहिली नाही. मलाही तेव्हा अंगावर नवी कल्हई चढल्यासारखे वाटले.

परतीच्या वाटेवर निलम्मा म्हणाली, "पटकीचं कामून बोललाव? मास्तर तसं म्हणाले व्हते का?"

"जंतू म्हंजे जंतू," शरणप्पा म्हणाला. "भाकरीवरचा मरतो, तर पोटातला कामून मरंना?"



उन्हाळा सरता सरता आड तळाला गेले, पाणी गढूळ झाले आणि आमच्या भागात पटकी आली. आधी लांबच्या गावांची नावे ऐकू आली, मग जवळच्या. माझ्याखालचा जाळ विझेना. जत्रेत बोलणे ऐकलेली माणसे कुठून कुठून येत आणि बाटल्या घेऊन जात.

एके दिवशी सकाळी शरणप्पा मला बाजारासाठी गाडीत चढवून बांधत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून उद्धवरावाची हाक आली.

"शरणप्पाण्णा! अर्क द्या ओ! पहाटेधरनं हिला वकाऱ्या अन् जुलाब. थांबनाच झालंय!"

शरणप्पाने भरलेली बाटली दिली. राजूबाईने घोट घेतला आणि ओकून टाकला. पुन्हा दिला, पुन्हा ओकला. निलम्मा तिच्याजवळ बसून होती. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"डोळे खोल गेलेत तिचे. बोटं दिसभर कपडे धुतल्यावानी सुरकुतलीत. हाक मारली तर आवाज फुटंना."

"अर्क कमी पडायलाय," शरणप्पा म्हणाला. "फूल घालून देतो. जोर वाढंल." त्याने फुलाची बरणी उचलली.

निलम्माने बरणीवर हात ठेवला. "थांबा. मास्तरांना इचारू."

"आता इचारत बसायचा टाइम हाय का?"

"मग कवा इचारायचं?"

मास्तर शाळेला निघाले होते. निलम्मा बरणी घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, भाकरीवरची बुरशी मेली ते आमी बगितलं. माणसाच्या पोटातली पटकी यानं मरती का? खरं सांगा."

मास्तर खाली बघू लागले. "मला माहीत नाही, अक्का. भाकरीवर केलं, तेवढंच मला माहीत आहे. आणि हे फूल असं पोटात गेलं तर आतून भाजेल. देऊ नका."

"मग जत्रेत कामून बोलला न्हाईत?"

"लोक माझं नाव घेत होते," मास्तर हळू म्हणाले. "मला बरं वाटत होतं."

मग मास्तरच पुढे म्हणाले, "पटकीत अंगातलं पाणी जातं. पाणी आणि त्याबरोबर मीठ. चमचा-चमचा अर्कानं ते भरून येत नाही. दवाखान्यात शिरेतून मिठाचं पाणी चढवतात. चला, उशीर नको."

भिंतीपाशी उभा उद्धवराव रडकुंडीला आला. "दवाखान्यात नेल्यालं माणूस माघारी येत न्हाई म्हणत्यात. अण्णा, तुमी सांगा. तुमचा अर्क हाय की! तुमीच म्हणला व्हता!"

सारे शरणप्पाकडे पाहत होते. मग तो गाडीवर चढला, माझे दोर त्याने सोडले आणि मला सरळ जमिनीवर ढकलून दिले. माझा काठ दगडावर आपटला. तिथे पोचा पडला, तो आजही तुम्हाला दिसेल. मला मात्र त्याचा राग आला नाही.

"गाडीत घाला तिला," तो म्हणाला. "मी बैल जुंपतो. उद्धवराव, माझं म्हणणं सोडा आता. चला!"

पुढचे मी राजूबाईच्याच तोंडून ऐकले. मोठ्या सडकेवर एक लॉरी थांबली आणि ड्रायव्हरने तिला शेंगांच्या पोत्यांवर निजवून घेतले. हुमनाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या शिरेत सुई घातली आणि मिठाच्या पाण्याच्या बाटल्या एकामागून एक लावल्या. बाटली टांगायला जागा नव्हती, म्हणून सोमशेखर मास्तर ती हातात उंच धरून उभे राहिले. हात दुखला की दुसऱ्या हातात घेत. दिवस मावळायच्या आत राजूबाईने डोळे उघडले आणि पहिले विचारले, "म्हशीला पाणी दावलं का?"

उद्धवराव तिथेच भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडला.

राजूबाई घरी आली. डॉक्टरांची माणसे येऊन गावाला लस टोचून गेली, आडात औषध टाकून गेली. सगळे सुटल्यासारखे झाले. फक्त शरणप्पा सुटला नाही. तो माझ्याशेजारी ओट्यावर बसून राही. जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू येत नसे.

"राजूबाई वाचली की," निलम्मा एकदा म्हणाली. "आता काय चाललंय मनात?"

"हिच्यापाशी तू व्हतीस, मास्तर व्हते, लॉरी घावली," तो म्हणाला. "जत्रेतल्या बाटल्या कुठं कुठं गेल्या असतील? त्या घरात कोण व्हतं?"

पुढच्या बाजारच्या दिवशी त्याने मला पुन्हा गाडीत चढवले. निलम्माला नवल वाटले.

"अर्क तर काढला न्हाई. डेग कशाला नेताव?"

"डेग बगून लोक जमतात," शरणप्पा म्हणाला.

खरेच, लोक जमले. त्याने मला जमिनीवर ठेवले. चूल मांडली नाही. तो माझ्यामागे उभा राहिला.

"मी जत्रेत पटकीचं बोललो व्हतो," तो म्हणाला. "ते खोटं हाय. ह्या अर्कानं पटकी बरी हुईत न्हाई. पोट दुखलं, फुगलं, खोकला झाला तर घ्या. पर पाण्यावानी जुलाब लागले तर माझी बाटली फोडून टाका अन् दवाखाना गाठा."

काही माणसे हसली. "आपल्याच मालाची बदनामी करायलाय," कोणी म्हणाले. "डोकं फिरलंय."

तेव्हा गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. राघोबा त्याचे नाव, कडगंचीकडचा शेतकरी. त्याच्या पिशवीत माझ्या अर्काची रिकामी बाटली होती. त्याने ती माझ्याजवळ मातीत ठेवली.

"माझी सून," तो म्हणाला. "दोन दिस हेच पाजलं तिला." त्याने शरणप्पाकडे पाहिले. "आता सांगायलास?"

एवढे बोलून तो गर्दीतून निघून गेला.

शरणप्पा त्या बाटलीजवळ खाली बसला. ती सून दवाखान्यात पोचली असती तर वाचली असती की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कधी कळणारही नव्हते. माझे तांबे उन्हाने तापले होते, तरी माझ्या काठावरचा हात तो काढत नव्हता. मला वाटले, आता हा उठणार नाही.

गर्दीच्या कडेला सोमशेखर मास्तर उभे होते. ते पुढे आले आणि शरणप्पाशेजारी उभे राहिले. "भाकरीचा प्रयोग माझा होता," ते मोठ्याने म्हणाले. "तो भाकरीपुरताच खरा आहे. जत्रेत मी हे सांगायला हवं होतं."

मग शरणप्पा माझ्या काठाचा आधार घेऊन उठला. मागे उभ्या असलेल्यांसाठी त्याने तेच सारे कानडीत सांगितले. मग दखनी उर्दूत सांगितले. त्यानंतर तो प्रत्येक बाजाराला गेला, जत्रेला जिथून जिथून माणसे आली होती त्या गावांनाही गेला. बरोबर मी असे. कुठे लोकांनी ऐकून घेतले, कुठे हाकलून लावले. कडगंचीच्या बाजूलाही तो गेला. राघोबाच्या दारात त्याने मला नेले नाही. तो एकटाच गेला आणि परत आल्यावर काय झाले ते त्याने निलम्मालाही सांगितले नाही.

त्या वर्षी माझी चूल थंडच राहिली. ज्या दवेचा मालकच दोष सांगतो, ती कोण घेणार? मला कोपऱ्यात सरकवले. माझ्या अंगावर हिरवा कळंक चढला. मित्रांनो, तो काळ मला जड गेला, हे मी लपवत नाही.

पुढच्या सुगीला ओवा घरात आला, तेव्हा राजूबाई भिंत ओलांडून आली. तिने चिंच आणि राख घेऊन मला घासायला सुरुवात केली.

"माझ्या भावजयीचं बाळंतपण आलंय," ती म्हणाली. "अर्क काढा, अण्णा."

"तुझा इश्वास हाय अजून?" शरणप्पाने विचारले.

"पोटासाठी व्हता, पोटासाठी हाय," ती म्हणाली. "चूल पेटवा आता."

हळूहळू इतर बायकाही आल्या. शरणप्पा पूर्वीसारखाच मोठ्याने बोले, पण बाटली हातात देण्याआधी ती कशावर चालते आणि कशावर चालत नाही हे सांगितल्याशिवाय सोडत नसे. घाईत असलेली माणसे कंटाळत. तो म्हणे, "ऐकून घ्या, मगच बाटली."

काही वर्षांनी राज्याची वाटणी झाली, आमचा जिल्हा म्हैसूरकडे गेला. मास्तरांची बदली कलबुर्गीला झाली. जाताना त्यांनी माझ्या पोटावर बोटांनी टकटक केले आणि निलम्माच्या पाया पडले. पुढे शरणप्पा थकला. माझे बूड जाळाने झिजत झिजत कागदासारखे झाले आणि एक दिवस चुलीत पाणी गळू लागले. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही ओव्याचा डबा असेल. तो फार गुणी दाणा आहे, त्याला जपा. जुनी भांडी मोडीत घालण्याआधी एकदा त्यांनी काय काय केले ते कोणाला तरी विचारा. आणि कधी मनात आले, तर माझ्या बुडाला नवा पत्रा लावा, आतून कल्हई करा. मी अजून अर्क देईन. पोट दुखणाऱ्याला द्या, खोकणाऱ्याला द्या, बाळंतिणीला द्या. पण ज्याच्या अंगातले पाणी निघून चालले आहे, त्याला माझ्या चुलीपाशी थांबवू नका. गाडी जुंपा आणि त्याला दवाखान्यात न्या. अर्क तुम्ही परत आल्यावरही काढता येईल.